तळाशी रचलेले डबे

वजनकाट्यावरून अर्डिसबाईंना उतरवताना लव्हॉनने आकडा पाहिला. पुन्हा कमी. खुब्याचा सांधा बदलून त्या घरी आल्यापासून वजन उतरतच होतं. फार्गो शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने बजावलं होतं, आईची अशीच आबाळ होणार असेल तर सोमवारी तिला वृद्धाश्रमात हलवतो. आज शुक्रवार. त्याला वजन कळवायचं काम लव्हॉनचं.

आजारी माणसांची देखभाल करायला दिवसभर ती अशीच घरं फिरायची. बर्फातून गाडी काढायची, कुणाला आंघोळ घालायची, कुणाला चार पावलं चालवायची. तिचे स्वतःचे गुडघे कुरकुरायचे, पण त्यांच्याकडे बघणार कोण?

जेवण नीट होतं का, तिने विचारलं. ठीक आहे, म्हणाल्या. त्यांचं सगळं ठीकच असायचं. नवरा गेला तेव्हाही समाचाराला आलेल्यांना 'ठीक आहे' म्हणत त्यांनीच कॉफी दिली होती. त्यांच्या गावाची रीतच तशी, देताना हात सढळ, मागताना जीभ जड.

ओट्यावर खारी बिस्किटं होती. कचऱ्याच्या डब्यातही त्यांचेच कागद.

"चर्चच्या बायकांनी एवढं शिजवून आणलं होतं, ते कुठं गेलं?"

"आहे की, फ्रीझरमध्ये."

मागच्या खोलीत पेटीसारखा आडवा फ्रीझर होता. लव्हॉनने झाकण उचललं. चिकन-भात, खिमा-बटाटा, एकेका डब्यावर करणारीच्या नावाची पट्टी, आणि सगळे पार तळाशी रचलेले. नवा सांधा निखळू नये म्हणून कमरेत वाकायचं नाही, हे लव्हॉननेच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. बाई अन्नाच्या राशीशेजारी उपाशी होती, तीही इमानाने पथ्य पाळून.

"अहो, मला सांगायचं तरी."

"तुला पुढची घरं असतात."

"मग चर्चमधल्या बेव्हर्लीला. ती रोज फोन करते ना?"

"तिनेच रचलेत गं, हौसेने. तिला काय सांगू, बाई तुझं चुकलं म्हणून?"

लव्हॉन आठवड्याला वजन करत होती, पण हा फ्रीझर तिने कधी उघडून पाहिला नव्हता.

"मुलाला मी खोटा आकडा सांगणार नाही," ती म्हणाली. "आजचे डबे मी वर काढून ठेवते. पुढचे कोण काढणार, ते तुम्ही ठरवा. तेही त्याला सांगेन."

अर्डिसबाई वॉकर धरून फोनपाशी गेल्या. मग त्यांनी फोन लावला. हवेची चौकशी झाली, बेव्हर्लीच्या मांजराची झाली, तिच्या जावयाचीसुद्धा झाली. लव्हॉनचे डबे काढून झाले, अंगावर कोट चढला, तरी मुद्दा येईना.

"उद्या जेवायला येतेस?" शेवटी त्या म्हणाल्या. "जेवण आहे गं घरात. मला वाकून काढता येत नाही."

गाडीत बसून लव्हॉनने मुलाला होतं ते वजन सांगितलं आणि फ्रीझरचं आणि बेव्हर्लीचंही सांगितलं. तो मग म्हणाला, सोमवारचं राहू दे, बघू महिनाभर.

स्वयंपाकघराच्या खिडकीत अर्डिसबाई दिसत होत्या. एका हाताने वॉकर धरून दुसऱ्याने टेबल पुसत होत्या. हात पुरला तेवढं त्यांनी पुसलं आणि पलीकडची बाजू बेव्हर्लीसाठी तशीच राहू दिली.