एक वाजायच्या आत

संयोगितानं सकाळी सात वाजता प्राण सोडला आणि तिच्या नवऱ्याचं, रविराजचं, घड्याळाकडं बघणं सुरू झालं. सहा तास. एक वाजायच्या आत तिला कोरेगावातून साताऱ्याला, संशोधन करणाऱ्या डॉक्टरांकडं पोचवायचं होतं.

मारलं तिला कॅन्सरनं. एचआयव्ही मात्र अठरा वर्षं गोळ्यांच्या धाकात होता. तपासणीत सापडायचासुद्धा नाही. पण गोळ्या थांबल्या की तोडलेल्या उसाचा खोडवा फुटावा तसा तो परत येतो. अंगात तो नेमका कुठं दडी मारतो, हे माणूस गेल्यावर लगेच आतडी, प्लीहा, मेंदू तपासले तर नीट कळतं. ते कळलं तर कधीतरी मुळासकट काढता येईल. संयोगितानं सगळं वाचून संमतीच्या कागदावर सही केली होती. "जाळायच्या आधी बघू द्या की त्यास्नी," म्हणाली होती. रविराजनं शब्द दिला होता.

भावकीला यातलं काय ठाऊक? त्यांना बीपीच्या गोळ्या म्हणून सांगितलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात हा रोग फौजेत असताना रविराजनंच घरी आणलेला.

दहा वाजता डॉक्टरांची गाडी दारात आली, तसे चुलते नानासो आडवे आले. "माहेरची साडी अंगावर पडल्याबिगर सवाशीण उंबऱ्याभायेर काढायची न्हाई. तिचा भाऊ सांगलीसनं निघालाय न्हवं?"

खरं कारण सांगितलं असतं तर म्हातारा बाजूला सरकलाही असता. पण सीमेवर छातीचा कोट करणारा हा गडी दारात मूग गिळून बसला. रडू येत नव्हतं, भूक नव्हती, लाजसुद्धा वाटत नव्हती. आत सगळं बधिर झालं होतं. अकरा वाजले. बारा वाजले.

सव्वाबाराला तिचा भाऊ आप्पासो आला. हिरवी साडी त्यानं बहिणीच्या अंगावर पांघरली, हात जोडले आणि वळून म्हणाला, "दाजी, गाडी दारात हाय आन् तायडी अजून हितंच? सहा तास म्हणली हुती ती मला."

भावकीनं कान टवकारले. सकाळपासून रविराजच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द फुटला, आणि तोही सगळ्यांदेखत. "आप्पासो, तिला एचआयव्ही झाला त्यो माझ्यामुळं. मी दिला."

आप्पासोनं साडीचा पदर सारखा केला.

"तेबी सांगितलं हुतं तिनं. उचला आता, पाऊण तासच ऱ्हायलाय."