खडूवरची लाल रेघ

मित्रांनो, दगड कापणारी मी एक जुनी करवत आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. जो माझे झाकण उघडतो, तो आधी मोटरकडे बघतो. मोटर काढून विकता येते ना! त्यामुळे झाकण उचलले गेले की मी आधी समोरच्याच्या हातात पाना आहे का ते बघते.

करवत म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे सुताराची दातेरी पट्टी येईल. मी तशी नाही. मी म्हणजे मोठ्या ट्रंकेएवढी लोखंडी पेटी. आत एक गोल पाते उभे असते आणि त्याच्या काठावर हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते. तळाशी पातळ तेल असते. पाते त्यात बुडून फिरते, म्हणून तापत नाही. दगड शिकंज्यात आवळायचा, की शिकंजा दोन रुळांवरून कासवाच्या चालीने पात्याकडे सरकतो, आणि गारगोटीसारखा हट्टी दगडसुद्धा खरवसाच्या वडीसारखा सरळ कापला जातो. हे रूळ बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या चार आधारांवर बसवलेले आहेत. कारागीर त्यांना माझे कान म्हणतात. सगळे रामायण त्यातल्याच एका कानामुळे घडले.

देशाची दारे परदेशी मालाला उघडली, त्या सुमारास भोसरीच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. एका परदेशी पुस्तकातले चित्र समोर ठेवून मला बनवले होते. धायरीच्या रावसाहेबांनी मला विकत घेतले. तेव्हा धायरी गावच होते. शेडच्या मागे ज्वारी उभी असायची. पुढे शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, त्यांच्या काचेच्या इमारती आल्या. पाया खणताना काळ्या कातळातून पांढरे, हिरवट स्फटिक निघायचे, रंगीत पट्ट्यांचे अकीक निघायचे. ते दगड आमच्याकडे यायचे, कापून, घासून पुन्हा त्याच इमारतींतल्या टेबलांवर जाऊन बसायचे. पुस्तकांचे टेकू, कागद दाबायचे दगड, घड्याळाच्या तबकड्या. पाहुणे हात फिरवून वाखाणायचे, आणि रावसाहेब मान डोलावायचे, जणू दगड त्यांनीच पिकवला होता.

मला चालवायचा गेनबा. धायरीचाच माणूस, बोलायला कमी. सकाळी आल्यावर तो लाकडी काठीचे एक टोक माझ्या बेअरिंगवर ठेवायचा, दुसरे स्वतःच्या कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग फडक्याने रूळ पुसायचा. मला तो आवडायचा, पण त्याने माझे कधी तोंड भरून कौतुक केले नाही. कौतुक व्हायचे ते खंडेनवमीला. त्या दिवशी रावसाहेब मला झेंडूचा हार घालत, हळदकुंकू लावत, आणि माझ्या पुढच्या उजव्या कानावर आपटून नारळ फोडत. मी वर्षभर त्या दिवसाची वाट पाहायची.

एका वर्षी पूजेच्या वेळी गेनबा हळूच म्हणाला, "मालक, नारळ भाईर दगडावर फोडा. हिच्या अंगावर नगं."

रावसाहेबांचा चेहरा उतरला. पूजेत खोट काढणारा माणूस त्यांना मुळीच खपत नसे. खरे सांगते, मलाही राग आला. वर्षातून एकदा माझा मान होतो, तोही याला बघवत नाही, असे मला वाटले. त्या वर्षी नारळही अडून बसला. दोनदा आपटूनही फुटेना. तेव्हा रावसाहेबांनी तो माझ्या कानावर धरून हातोडा घेतला. पहिला घाव नारळाला बसला. दुसरा निसटला. कपाला तडा जावा तसा बारीकसा आवाज झाला, पण बाहेर लाउडस्पीकर चालू होता, पेढे वाटणे चालू होते, आणि मी हारात मश्गूल होते. तिसऱ्या घावाला नारळ फुटला. रावसाहेबांनी माझ्यावर आणखी एक चिमूट कुंकू वाहिले.

दिवाळीनंतर माझे काप बिघडले. दगडाची चकती एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघू लागली. नेमकी तेव्हाच एका नव्या कंपनीच्या उद्घाटनासाठी टेकूंची मोठी मागणी आली होती. टेकू टेबलावर ठेवले की डुलत. सगळा माल परत आला.

ते दिवसच संशयाचे होते, मित्रांनो. धायरीच्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता. सख्खे भाऊ सातबाऱ्याचा कागद एकमेकांपासून लपवत होते. रावसाहेबांनी आधी शेजाऱ्यावर संशय घेतला, मग तेलवाल्यावर, मग मोटर दुरुस्त करणाऱ्यावर. माझ्या झाकणाला लिंबू-मिरची लटकली. शेडला दुसरे कुलूप लागले. आणि शेवटी त्यांना खंडेनवमी आठवली. पूजेच्या वेळीच याच्या मनात काळेबेरे होते, यानेच यंत्र नासवले, असे त्यांनी गावातल्या चारचौघांपुढे गेनबाला सुनावले.

गेनबा एवढेच म्हणाला, "म्या काय बी केलं न्हाई. तपासून घ्या."

कोणी तपासले नाही. गेनबाने फडके घडी घालून माझ्यावर ठेवले आणि तो निघून गेला. यंत्र नासवणारा म्हणून त्याचे नाव गावभर झाले, आणि धायरीत परत कोणी त्याला यंत्राला हात लावू दिला नाही. इथे एक कबुली देते. मीही रावसाहेबांचेच खरे मानले. माझा मान ज्याला बघवला नाही, त्यानेच मला काहीतरी केले असणार, असेच मी धरून चालले. दुसऱ्या कोणाचे नाव माझ्या मनातही आले नाही.

मग सहा वर्षे मी ताडपत्रीखाली पडून होते. तेलाचे डांबर झाले. पट्टा उंदरांनी खाल्ला.

एके दिवशी ताडपत्री सरकली आणि एका तरुण मुलीने आत डोकावले. तिचे नाव आम्रपाली ओव्हाळ. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती आणि तिच्या वडिलांना दगड जमवायचा नाद होता. रावसाहेबांनी तिला बजावून सांगितले की यंत्रात दोष नाही, दोष माणसात होता, आणि त्या माणसाचे नावही सांगितले. टेम्पोत घालून तिने मला विश्रांतवाडीला नेले. वाटेत प्रत्येक भंगारच्या दुकानापाशी माझा जीव वरखाली होत होता.

विश्रांतवाडीच्या अंगणात बाबुराव उभे होते, तिचे वडील. खडकीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे इन्स्पेक्शनमध्ये काढली होती, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंवर संशय घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी मुलीला विचारले की विकणाऱ्याने काय काय लपवले आहे. आम्रपाली म्हणाली, "बाबा, तुम्ही सुरुवातीलाच निगेटिव्ह होता हं."

"पॉझिटिव्ह लोकांना इन्स्पेक्शनला घेत नाहीत," बाबुराव म्हणाले.

त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझा त्यांच्यावर. त्यांनी मोटर उतरवली तेव्हा मी म्हटले, झाले, ही चालली बाजारात. पण ती पुसून, तपासून कोरड्या जागी ठेवली गेली. मग पंधरा दिवस त्यांनी माझ्या पोटातला चिखल खरवडून काढला. सगळे अंग रॉकेलने धुतले. नवे बेअरिंग आणले, नवा पट्टा आणला. आणि काप वाकडा का जातो हे शोधायला त्यांनी वहीत संशयितांची यादी केली. पाते, दांडा, स्क्रू, शिकंजा, रूळ. आम्रपालीने आठवण करून दिली, की गेनबाचे नाव राहिले.

बाबुराव म्हणाले, "माणसाचं नाव शेवटी लिहायचं. आधी लोखंडाला विचारू."

आणि खरेच, पान संपता संपता, अगदी तळाशी त्यांनी ते नाव लिहिले. मग एकेकाची तपासणी सुरू झाली. वाकडेपणा दाखवणारी डायल लावून पाते फिरवले, पाते निर्दोष. दांडा निर्दोष. स्क्रू, शिकंजा निर्दोष. रूळ काढून काचेवर लोळवले, तेही सरळ निघाले. यादी खाली खाली सरकू लागली. शेवटी गेनबाच उरणार, असे मी मनाशी म्हणत होते, आणि मित्रांनो, मला त्याचा थोडा आनंदही होत होता.

रूळ सरळ, मग ते ज्यांवर बसतात ते कान का सोडायचे, म्हणून रविवारी सकाळी बाबुरावांनी माझ्या चारही कानांना रॉकेल लावले आणि ते चहा प्यायला बसले. मग कान कोरडे पुसून त्यांवर शाळेतला पांढरा खडू घासला. बिडाला डोळ्यांना न दिसणारी भेग असेल, तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि खडूवर उमटते. तीन कान पांढरेच राहिले. पुढच्या उजव्या कानावर मात्र एक बारीक रेघ उमटू लागली. ती रॉकेलच्या रंगाची नव्हती. लाल होती.

बाबुरावांनी चष्मा लावला. भेग नखाने उकरली, बोटावर आलेले बघितले, वास घेतला. कुंकू होते. भेगेच्या वर हातोड्याच्या घावाचा खळगा होता आणि त्यात नारळाच्या शेंडीचा एक तंतू धुऊनही चिकटून बसला होता.

"आमच्या कारखान्यातही खंडेनवमी व्हायची," बाबुराव आम्रपालीला म्हणाले. "पेढे घ्यायला मी पहिला. पण नारळ फोडायला दाराशी वेगळा दगड होता. बिडावर कोणी घाव घालत नाही, ते तडकतं. मग रूळ त्या बाजूला खचतो आणि काप वाकडा जातो."

तेव्हा मला तो बारीकसा आवाज आठवला. खूण माझ्याच अंगावर होती. मी ती सहा वर्षे वागवली, आणि नाव घेतले माणसाचे. ज्या एकाने मला जपायला तोंड उघडले होते, त्याचेच. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी गंजाचीही कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी आम्रपालीने दोघांना बोलावून घेतले. रावसाहेब आले ते शंका घेऊनच. आता हे लोक यंत्र परत घ्या म्हणणार, असे त्यांच्या कपाळावर लिहिले होते. गेनबा फाटकाशीच थांबला. अंगावर वॉचमनचा निळा गणवेश होता. ज्या इमारतींसाठी आम्ही दगड कापले, तसल्याच एका इमारतीच्या दाराशी तो आता उभा राहत होता. बाबुरावांनी कोणाला काही सांगितले नाही. कान पुन्हा पुसला, रॉकेल लावले, खडू घासला आणि दोघांना स्टुलावर बसवले. रेघ उमटली. पहिल्यापेक्षा फिकट, पण लालच.

रावसाहेबांनी वाकून रेघेवरच्या खळग्यात बोट घातले. मग म्हणाले, "हातोडा मीच मारला होता. गेनबा, चुकलं माझं."

गेनबाने मान हलवली. "हितं म्हणून काय उपेग, मालक? नाव धायरीत गेलंय. तितंच शोधाया पायजे."

बाबुरावांनी माझ्यासाठी पोलादाचा नवा कान बनवून आणला आणि जुना तडकलेला कान रावसाहेबांच्या हातात दिला. खंडेनवमी जवळ आली होती. खंडेनवमीच्या संध्याकाळी रावसाहेबांचा फोन आला, की गावात सांगितले. माझा विश्वास बसला नाही. बाबुरावांनीही फोन ठेवून "बघू" एवढेच म्हटले.

दुसऱ्या दिवशी दसरा. बाबुराव पांढऱ्या कपड्यांत विहारातून नुकतेच परतले होते. दुपारी गेनबा आला, हातात आपट्याची पाने घेऊन. सोने दिले, घेतले. आम्रपालीने त्याच्यापुढे खिरीची वाटी ठेवली आणि विचारले, की खरंच सांगितलं का त्यांनी.

"सांगितलं," गेनबा म्हणाला. "देवळाम्होरं. माईकवर म्हणाले. त्यो कान समद्यांच्या हातात फिरवला."

खीर संपवून तो माझ्यापाशी आला. काठीचे टोक बेअरिंगवर ठेवून त्याने डोळे मिटले. मग शिकंज्यात अकीक आवळला आणि बटण दाबले. मी आयुष्यात इतक्या काळजीने कधी कापले नाही. क्षमा मागायला मला दुसरी भाषा येत नाही. चकती सुटली तेव्हा गेनबाने ती पुसली आणि दोन्ही काठांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला कळलेच होते. बाबुरावही म्हणाले, की सरळ आहे, दिसतंय, राहू द्या.

गेनबाने चकती त्यांच्यापुढे धरली. "न्हाई साहेब, मोजा. तवा कुणी मोजलंच न्हाई."

बाबुरावांनी जाडी मोजायचा व्हर्नियर आणला. एक टोक मोजले आणि मोठ्याने म्हणाले, दहा मिलिमीटर. दुसरे मोजले, दहा. गेनबाने दोन्ही वेळा तो आकडा पुटपुटत म्हटला.

मित्रांनो, मला हार घाला, न घाला. माझे तेल वेळेवर बदला, रूळ पुसा आणि नारळ शेजारच्या दगडावर फोडा. आणि तुमच्या घरात, शाळेत काही बिघडले आणि एखाद्याचे नाव तुमच्या ओठांवर आले, तर ते जरा वेळ गिळून आधी खडूचा तुकडा शोधा. माणसाचे नाव पानाच्या तळाशी लिहा. मी ते सगळ्यात वर लिहिले होते, आणि त्यापायी एक चांगला कारागीर सहा वर्षे दुसऱ्यांच्या दाराशी काठी घेऊन उभा राहिला.