सालीवरचा उसना रंग

कल्पिता मानपाड्याच्या फळांच्या गोदामात पोचते न पोचते तोच आत्याचा फोन आला.

"अगं, तू पाठवलेली संत्री सोलली आणि माझी बोटं केशरी झाली. साबणानेही जात नाहीये. असं होतं का?"

मंदाकिनीआत्या ठाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. उत्तर तिला माहीत होतं.

कल्पिताचे कान तापले. गोदामातली रंगखोली तिने दोन वर्षं खपून बसवली होती. ऑक्टोबरातलं संत्रं आतून गोड, पण साल हिरवी. खोलीत अगदी थोडा इथिलीन वायू सोडायचा, ऊब आणि दमटपणा राखायचा. तीन दिवसांत हिरवा उतरतो, सालीतला मूळचा केशरी दिसू लागतो. म्हणूनच खोक्यावर छापलं होतं: 'नैसर्गिक रंग. तपासणी – कल्पिता टिपणीस.'

ती तडक मागच्या शेडमध्ये गेली. निळ्या ड्रममध्ये केशरी पाणी, शेजारी ओल्या संत्र्यांचे क्रेट. तिने एक संत्रं रुमालाने पुसलं. रुमाल रंगला, साल हिरवी निघाली.

मालक हरिहरशेठ शांतपणे म्हणाले, "दिवाळी तोंडावर आलीय. तुझी खोली तीन दिवस घेते, ड्रम तीन मिनिटं. आणि साल कोण खातं?"

"त्याच हाताने आई पोराला फोडी भरवते! आणि माझं नाव का छापलंत?"

"तुझं नाव असलं की माल उठतो."

 तिचं नाव छापलेल्या एका खोक्यात चार संत्री आणि बाटलीत ड्रममधलं पाणी घेऊन ती म्हणाली, "मी तक्रार करायला चाललेय. सांगून जातेय, चोरून नाही."

अन्न तपासणीच्या कार्यालयातल्या साहेबांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं. "तक्रार तुमची, आणि तपासणीत नावही तुमचंच?"

"हो. तेही लिहा."

दोन दिवसांनी छापा पडला. "रंग या बाईंनीच आणला," हरिहरशेठ सगळ्यांदेखत म्हणाले. कल्पिताने खोलीची वही पुढे केली. कुठला माल कधी आत गेला, किती वायू दिला, सगळं तारीखवार होतं. रंगवलेला एकही क्रेट त्या खोलीत गेला नव्हता, म्हणजे तिने तो तपासलाच नव्हता. ड्रम सील झाला, माल अडकला, गोदामाला टाळं लागलं.

दाराबाहेर पॅकिंगची शीला उभी होती. "मॅडम, तुमचं बरोबर होतं ओ. पण आमची दिवाळी गेली."

 हरिहरशेठचा राग कल्पिताला तेव्हा दुपटीने आला. पाप त्यांनी करायचं आणि चूल शीलाची विझायची!

महिन्याभराने तिला भिवंडीजवळच्या गोदामातून बोलावणं आलं. रंगखोली उभारून देईन, ती म्हणाली, पण पॅकिंगला माणसं मी आणेन. संध्याकाळी तिने शीलाला फोन लावला.