चौपदरी चादर

सूत मिळेना म्हणून माग बंद पडले, तेव्हा विणकर नरसय्यानं लडाखमधल्या रस्त्याच्या कामावर नाव घातलं. संध्याकाळची गाडी होती. बायको यल्लव्वा ट्रंक भरत होती: शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि वर त्यानंच विणलेली जाड सोलापुरी चादर.

शेजारचे बंडगर हवालदार फौजेत असताना तिकडं राहून आले होते. त्यांनी चादर उचलून तोंडाशी धरली.

"वहिनी, पलीकडं हात धरा," म्हणत त्यांनी फुंकर मारली.

यल्लव्वाच्या तळव्याला वारा लागला.

"तितला वारा सुताला जुमानत न्हाय. लोकर पायजे."

"माझ्या मागाला नावं ठेवू नका की, हवालदार," नरसय्या हसला. "आन् मे महिन्यात सोलापुरात लोकर कोण विकतंय?"

यल्लव्वानं चादर दुहेरी करून फुंकली, मग चौपदरी केली. आता वारा आला नाही.

"अशी पांघरा."

नरसय्यानं ती घडी छातीवर धरली. छाती तेवढी झाकली.

"बाकीचा मी कुटं ठेवू?"

यल्लव्वानं घरातली उरलेली पांघरुणं काढून ट्रंकेत भरली. सगळी सुतीच होती.