चांगला नमुना

मित्रांनो, मी एक जुनी निळी थंडपेटी आहे. माझ्या कडीला सुतळी बांधलेली आहे आणि झाकणावर ओरखडे पडले आहेत. माझ्या वयाच्या पेट्या आपल्या कामाच्या गोष्टी अभिमानानं सांगतात. मला मात्र एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. ती पोटात ठेवून आता राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकच्या दोन भिंती आणि मधे भरलेला फेस, एवढीच माझी घडण. पहिली काही वर्षं मी आळंद तालुक्यात लसी वाहिल्या. भर उन्हाळ्यातही माझ्यातला बर्फ टिकायचा, आणि लोक कौतुक करायचे. त्या कौतुकानं मी जरा चढूनच गेले होते.

पुढं नव्या पेट्या आल्या आणि मी कपाटाखाली गेले. तिथून मला ज्योत्स्नाताईनं बाहेर काढलं. ती मादन हिप्परग्यात आरोग्याचं काम करते. कलबुर्गीच्या एका प्रयोगशाळेनं पोटाची तक्रार असलेल्या मुलांना तीन महिने एक पावडर द्यायचं ठरवलं होतं. दह्यात असतात तसे चांगले जंतू त्या पावडरीत होते. पण त्यांनी पोट खरंच सुधारतं का? नुसतं विचारून ते कळत नाही, कारण विचारलं की लोक ‘बरं हाय’ म्हणून मोकळे होतात. म्हणून मुलांचं शौच तपासायचं. आतड्याला सूज असली की शौचात एक प्रथिन वाढतं. ते पावडरीच्या आधी मोजायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. आकडा उतरला, तर आतडं सुधारलं. लसी वाहणाऱ्या पेटीत आता शौचाच्या डब्या आल्या. खरं सांगते, मी नाक मुरडलं.

पहिल्याच फेरीत राजूबाईच्या सोनूची डबी माझ्यात आली. सोनू सहा वर्षांचा. वरचेवर पोट धरून बसायचा आणि अर्धी भाकरी टाकून उठायचा. माझ्या आतल्या जाळीचा एक पाय मोडलेला होता, आणि मला ते ठाऊक होतं. आळंदच्या वाटेवर बस खड्ड्यात आदळली, जाळी कलंडली, डबीचं झाकण निसटलं आणि निम्मं शौच माझ्या अंगभर सांडलं. प्रयोगशाळेतल्या अमरेशनं उरलेलं तपासलं. पन्नासच्या आत हवा तो आकडा तीनशे ऐंशी आला. पावडर देऊन पाहू, उतरला नाही तर पोराला मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचं, असं ठरलं. मग नाक दाबून मला धुताना अमरेश म्हणाला, ‘‘घरच्यांना डबी नीट लावून द्यायला सांगा.’’ चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. जाळीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

तीन महिन्यांनी ज्योत्स्नाताईनं मला पुन्हा राजूबाईच्या ओसरीवर ठेवलं.

‘‘अक्का, मागच्या बारीला डबी सांडली. पेटी समदी घाण झाली,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या बारीला चांगला नमुना द्या.’’ आणि डबी देऊन ती शेजारच्या घरी गेली.

राजूबाईची मान खाली गेली. आता हे नीट ऐका. राजूबाईच्या घरात नमुना म्हणजे तुरीचा. तूर विकायच्या आधी आळंदच्या आडतीवर मूठभर दाणे दाखवायला न्यावे लागतात. ते दाणे ती स्वतः पाखडून, किडका दाणा वेचून बांधून देते. नमुना वाईट गेला तर घराची अब्रू जाते, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. सोनूचं शौच त्या दिवशीही पातळ होतं. असं कसं द्यायचं? ती डबी घेऊन परसात गेली आणि तिनं थोरल्या लेकीला, अंजूला हाक मारली. अंजू म्हणजे दगड खाऊन पचवणारी पोरगी.

मी सगळं पाहिलं, आणि मला हायसं वाटलं. घट्ट नमुना सांडत नाही. मित्रांनो, माझी खरी लाज ती हीच. मला त्या पोराच्या पोटाची नाही, माझ्या अंगाची काळजी होती.

आकडा आला अठ्ठावीस.

‘‘पावडर लागू पडली की,’’ अमरेश म्हणाला. ‘‘पेटीनं गारवा पण छान धरला.’’

झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं माझं झाकण. सोनूच्या नावापुढं ‘सुधारणा’ असं लिहिलं गेलं आणि मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचं राहून गेलं.

महिन्यानं ज्योत्स्नाताई तो कागद द्यायला गेली. सोबत मीही होते. सोनू खांबाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सदरा त्याच्या खांद्यावरून घसरत होता.

‘‘कागदावर तर पोर बरं हाय, अक्का. मग हे असं कामून बसलंय?’’

राजूबाई पदराचं टोक पिळत हळूच म्हणाली, ‘‘बाई, तुमीच म्हणलाव चांगला नमुना द्या. सोनूचा चांगला नव्हता. म्या अंजूचा दिला.’’

ज्योत्स्नाताईनं तो कागद घडी करून बाजूला ठेवला. ‘‘चूक माजी हाय, अक्का. म्या नीट सांगितलंच न्हाई.’’

दोघी चूक आपापल्या अंगावर घेत होत्या, आणि जिच्यामुळं हे सारं घडलं ती मी तिथंच गप्प बसून होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी सोनूची खरी डबी घेतली. ती ठेवताना जाळी ज्योत्स्नाताईच्या हातात हलली. तिनं जाळी बाहेर काढली आणि मोडका पाय पाहिला.

‘‘डबी तुमच्या हातानं न्हाई सांडली, अक्का. ही जाळीच मोडलीया.’’

‘‘व्हय?’’ राजूबाई म्हणाली. आणि तिला रडू आलं. ‘‘आन् म्या पोराला बोलले. तुज्यामुळं चार माणसांत लाज गेली म्हनले.’’

या खेपेला आकडा पाचशेच्या वर गेला. सोनूला कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. औषधं अजून चालू आहेत. हल्ली तो कधी कधी अख्खी भाकरी खातो. वहीतला ‘सुधारणा’ हा शब्द अमरेशनं स्वतः खोडला.

मला नवी जाळी मिळाली आहे. ज्योत्स्नाताई आता दारोदार सांगते, ‘‘चांगला नको अक्का, ज्याचा त्याचा द्या.’’ पण मी ओसरीवर दिसले की सोनू अजून अंगणातून बाजूला सरकतो. त्याला माझ्याजवळ यायची लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या, शाळेतल्या वस्तूंचं काही मोडलं असेल तर वेळेवर पाहत जा. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमचं खापर माणसांच्या डोक्यावर फुटतं. आजारी पोराला त्याच्या आजाराची लाज वाटू देऊ नका. आणि तुम्हाला कधी सोनू भेटला, तर माझा एवढा निरोप त्याला द्या: त्या दिवशी सांडलं ते तुझ्यामुळं नव्हे रे, माझ्यामुळं.