हाबोचं निळं कार्ड

हाबो उल्फर्ट्स आमच्या भागाचा खासदार. माझ्या लेखी मात्र तो शाळेत मागच्या बाकावरून माझ्या वेण्या ओढणारा कार्टाच. फेब्रुवारीत बर्फावरून घसरून त्याने खुबा मोडून घेतला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हायसंच वाटलं.

माझी लेक टोमा नौदलात आहे. तिची युद्धनौका दूरच्या समुद्रात पाठवायची होती, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती. आमच्याकडे सरकारला असं परस्पर कुणाला पाठवता येत नाही. आधी संसदेची परवानगी लागते, आणि प्रत्येक खासदार आपलं नाव छापलेलं कार्ड पेटीत टाकतो. निळं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. कुणी कुठलं टाकलं आणि कोण फिरकलंच नाही, याची यादी सगळ्या देशाला वाचायला मिळते.

मी हाबोकडे चहाला गेले.

"जाऊ नकोस बर्लिनला मतदानाला. ठराव तुझ्यावाचूनही पास होणार. तू आजारी आहेस, कुणी बोट दाखवणार नाही."

"मग सरळ लाल टाक म्हण की, गेस्के."

"तू ऐकणार आहेस का, गाढवा?"

"नाही. तिथे आपली जहाजं हवीत, असं मला मनापासून वाटतं."

मी पहिल्या कपावरच उठले. आमच्याकडे तीन कपांआधी उठणं म्हणजे उघड भांडण.

शुक्रवारी तो टीव्हीवर दिसला. सहा तास आगगाडीत बसून गेला होता. दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले, म्हणून कार्ड दातांत धरलेलं. निळं. मी इतकी ओरडले की कुत्रा टेबलाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी टोमाचा फोन आला. "आई, यादी पाहिलीस?"

"चुलीत घाल ती यादी!"

"अगं, आम्ही सगळे जेवायचं सोडून तीच बघत होतो. जो तो आपल्या गावचा खासदार शोधत होता. जहाजावरच्या फोल्कर्टचा खासदार आलाच नव्हता. बिचारा यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. आपला हाबोकाका मात्र कुबड्या टेकत आला." मग ती म्हणाली, "आई, कुणीतरी स्वतःचं नाव लावून आपल्याला पाठवतंय, याने बरं वाटतं गं."

मी कोट चढवला आणि तडक त्याच्या घरी गेले.

"कशाला गेलास रे मरायला? तुझ्या एका मतावाचून काय अडलं होतं?"

"काहीच नाही," हाबो म्हणाला. "पण उद्या पोरीला काही झालं, तर तू शिव्या कुणाला घालणार? संसदेला? तिथे सहाशे माणसं आहेत. तू कुणाकुणाला धरणार?"

मला रडूच फुटलं. आभार कसे मानायचे ते कळेना, म्हणून तिथल्या तिथे त्याला शिव्या घातल्या. त्याने मुकाट्याने ऐकून घेतल्या.

टोमा सात महिन्यांनी धडधाकट परतली. त्या सात महिन्यांत वाईट बातमी आली की मी हाबोला गाठायची. तो बर्लिनला असला तर फोनवर. मनाला येईल ते बोलायची. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याने फोन उचलला नाही, असं एकदाही झालं नाही.