एमिलचे अकरा टक्के

नाताळात एमिलच्या सुनेनं त्याला डीएनए तपासणीची ती डबी भेट दिली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. नळीत थुंकायचं, नळी टपालानं पाठवायची, की दीड महिन्यात आपण मूळचे कुठले ते कळतं.

"मी कुठला ते मला विचार की, लगेच सांगतो," एमिल म्हणाला. आणि थुंकला.

एमिल माझा धाकटा भाऊ. पिट्सबर्गजवळ आमच्या गावातल्या पोलाद कारखान्यात त्यानं चौतीस वर्षं क्रेन चालवली. निवृत्तीनंतर चर्चच्या स्लोवाक नाचमंडळाचा तो प्रमुख झाला. आमचे आजीआजोबा स्लोवाकियातून आलेले. पण आमच्या पिढीत ती भाषा धड वाचता येणारा तो एकटाच. चाळिशीत शिकवणी लावून शिकला.

फेब्रुवारीत निकाल आला. बाल्कन एकतीस टक्के, रशिया आणि आसपास बत्तीस, जर्मन मुलूख सव्वीस. स्लोवाकिया अकरा.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. तालमींना यायचा तेवढा बंद झाला. तीन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेले, तर नाचाचं भरतकाम केलेलं जाकीट खोक्यात बांधून दाराशी ठेवलेलं.

"हे काय रे?"

"देऊन टाक कुणाला तरी. अकरा टक्केवाल्यानं कसलं मिरवायचं?" मग खाली बघत म्हणाला, "मिला, आपले वडील... म्हणजे माझे वडील नक्की तेच ना?"

"आईबद्दल असं बोलायला जीभ कशी रेटली तुझी?" मी ताडकन उठून आले. पण घरी येऊन मीही एक डबी मागवली. रागारागानं थुंकले.

माझ्यात स्लोवाकिया निघाला त्रेचाळीस टक्के.

"बघ," एमिल म्हणाला, "तू खरी. मीच कुठला तरी."

आमच्या वाचनालयात दर गुरुवारी कोरिन टिल्मन बसतात. निवृत्त नर्स आहेत, लोकांना आपले पूर्वज शोधायला मदत करतात. एमिलला मी जवळजवळ ओढतच तिथं नेलं. बाईंनी दोघांचे निकाल बघितले आणि पहिलं काय केलं, तर तो रंगीत नकाशा मिटवून टाकला.

"हे टक्के म्हणजे अंदाज," त्या म्हणाल्या. "कंपनीकडे आजच्या काही लोकांचे नमुने असतात, त्यांच्याशी तुमचा ताडून बघतात. शेजारशेजारच्या देशांतले लोक शेकडो वर्षं एकमेकांत लग्नं करत आलेत, त्यांना वेगळं कसं काढणार? दुसऱ्या कंपनीला द्या, दुसरे आकडे येतील. त्यात सख्ख्या भावंडांनासुद्धा आईबापांकडून सारखाच वाटा मिळत नाही. कंपनी दर वर्षी आकडे सुधारते, की माझी पणजी देश बदलते! अजून एका जागी बसलेली नाही."

"मग खरं यातलं काय?" एमिलनं विचारलं.

"हे." त्यांनी नातेवाइकांची यादी उघडली. माझ्या यादीत पहिलं नाव एमिलचं होतं. "इतकं आणि असं जुळणं सख्ख्या भावंडांतच सापडतं. आई तीच, वडील तेच. यात शंका नको."

एमिलनं चष्मा काढला आणि पुसत बसला.

"मिला, माफ कर गं."

"माझी नको, आईची माग."

"आणि ही नेल्डा बर्चेट कोण?" बाईंनी विचारलं. दोघांच्याही यादीत दुसरं नाव तेच होतं, ओहायोतलं. "चुलत किंवा मामे-मावस बहिणीइतकी जवळची दिसते."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आई एकुलती एक. वडिलांना एकच भाऊ, श्टेफान काका. एकविसाव्या वर्षी, १९५१ साली कोरियाच्या युद्धात मारला गेला. लग्न झालेलं नव्हतं.

एमिलला आलेला एक निरोप तीन आठवडे तसाच पडून होता. त्या निकालानंतर त्यानं काही उघडलंच नव्हतं. नेल्डानं लिहिलं होतं: "माझा जन्म सप्टेंबर १९५१, केंटकीतला. मला दत्तक दिलं होतं. जन्मदात्या आईचं नाव रोझलिंड, ती आता नाही. वडिलांचं नाव कागदावर कोरं आहे. त्रास द्यायचा नाही. फक्त नाव कळलं तर बरं."

"घाई नको," टिल्मनबाई म्हणाल्या. "नातं आहे हे पक्कं. कुणाकडून, ते कागदांवरून बघा."

काकाची पत्रं आजीनं मरेपर्यंत जपली होती. पुढं ती माझ्याकडे आली, पण सगळी स्लोवाकमध्ये, मला ती वाचता येत नव्हती. त्या दुपारी एमिल माझ्या स्वयंपाकघरात एकेक पत्र वाचून दाखवत गेला. चिखल, बूट, वाईट कॉफी. कोरियाला निघण्याआधी केंटकीच्या लष्करी छावणीतून लिहिलेल्या शेवटच्या पत्राशी तो थांबला.

"'आई, इथल्या खाणावळीत रोझलिंड नावाची मुलगी आहे,'" त्यानं वाचलं, "'माझ्या इंग्रजीला हसते. परत आलो की तिला तुला भेटायला आणीन.'"

आम्ही दोघंही रडलो. मग त्यानं नेल्डाला फोन लावला आणि नुसतं काकाचं पूर्ण नाव सांगितलं. मग ती म्हणाली, "परत एकदा सांगा ना."

जूनमध्ये ती आली. उंच, पिकल्या केसांची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. चर्चच्या तळघरात आमच्या बायका बटाट्याचं सारण भरून पिरोही वळत होत्या, तिथं तिलाही बसवलं. तिचे सगळे उकळत्या पाण्यात फुटले.

"तुझ्यात स्लोवाकिया किती?" एमिलनं विचारलं.

"चार टक्के."

"फक्त चार?" एमिल छाती फुगवून म्हणाला. "माझे अकरा आहेत!"

ती खो खो हसली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुम्हाला ते आठवतात?"

काका गेला तेव्हा मी पाच वर्षांची. "खांद्यावर घेऊन मला बेकरीत न्यायचा," मी म्हणाले. "रस्ताभर शीळ घालायचा. एक सूर धड लागत नव्हता त्याचा."

"मलाही गाता येत नाही," ती म्हणाली, आणि पीठ लागलेल्या हातांनीच तिनं माझा हात धरला.

पुढच्या वर्षी कंपनीनं आकडे सुधारले. एमिल अडतीस टक्के झाला. हे त्यानं मला तीन दिवसांनी, घेवड्याच्या वेलांबद्दल बोलता बोलता सांगितलं.

नेल्डा आता दर उन्हाळ्यात येते, एरवी रविवारी फोन करते. बहात्तराव्या वर्षी मला धाकटी बहीण मिळाली. सुनेला मी त्या डबीबद्दल किती वेळा 'देव तुझं भलं करो' म्हटलं असेल, मोजदाद नाही. ती बिचारी लाजते. म्हणते, "मला तर त्यांच्यासाठी दुसरं काही सुचलंच नव्हतं."